निम्म्या देशाने पाच टक्क्यांची भाषा का घेतली?

पहिलीपासून हिंदी शिकवायची की नाही यावरून २०२५ साली महाराष्ट्रात रान पेटलं होतं. त्या दिवसांत आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज चार वेळा येऊन गेला. 'इंडोनेशियाकडे बघा. सतरा हजार बेटं, सातशे भाषा, पण राष्ट्रभाषा एकच! आपल्यालाच काय धाड भरलीय?' पाठवणारे काका बालीला जाऊन आलेले, त्यामुळे त्यांच्या शब्दाला ग्रुपवर वजन.

त्या सहलीला मीही होतो. देनपासारहून उबुदला जाताना आमच्या ड्रायव्हरने अर्ध्या तासात तीन भाषा वापरल्या. आमच्याशी मोडकं इंग्रजी. बायकोचा फोन आला तेव्हा बाली बेटाची भाषा, बालीनीज. आणि पेट्रोल पंपावरच्या पोराशी, जो जावा बेटावरून कामाला आलेला होता, इंडोनेशियन. काकांनी विचारलं, "तुमची मातृभाषा कोणती?" तो म्हणाला, "घरी बालीनीज, शाळेत इंडोनेशियन." काकांनी बहुधा उत्तराचा दुसरा भागच घरी आणला.

मेसेजमधली माहिती चुकीची नाही. सुमारे २८ कोटींचा तो देश एका भाषेत कारभार करतो, आणि बहुतेक सगळ्यांना ती भाषा येते. पण ही भाषा होती कुणाची आणि घडवली कुणी, हे बघायला गेलं की मेसेजचा रोखच उलटा फिरतो.

आधी दोन शब्द

पहिला शब्द संपर्कभाषा. दोन वेगळ्या भाषांची माणसं व्यवहारापुरती जी वापरतात ती. मुंबईतली 'कैसा दिया? दो किलो लेगा तो कितना पडेगा?' ही हिंदी आठवा. ती कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, तिच्या व्याकरणाची कुणी पत्रास ठेवत नाही, पण मालवणी, गुजराती, तमिळ आणि भोजपुरी माणसाचा सौदा तिच्यात बिनबोभाट होतो.

दुसरा शब्द प्रमाणभाषा. ही आपोआप होत नाही, ती करावी लागते. कोणीतरी बसून ठरवावं लागतं की हा शब्द असाच लिहायचा, व्याकरण हे, कोश हा, शाळेत शिकवायचं ते हे. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत मोल्सवर्थ आणि कँडी यांनी कोशाच्या आणि शालेय पुस्तकांच्या निमित्ताने मराठीच्या बाबतीत हेच केलं, आणि पुण्याकडची बोली 'शुद्ध' ठरली. वऱ्हाडी आणि मालवणी माणूस त्याची किंमत अजून मोजतोय.

इंडोनेशियन ही अशाच एका बाजारातल्या संपर्कभाषेवर उभी केलेली प्रमाणभाषा आहे. त्या मूळ भाषेचं नाव मलय.

बंदरावरची भाषा

मलय ही मुळात सुमात्राचा पूर्व किनारा, मलाक्काची सामुद्रधुनी आणि आजूबाजूच्या बेटांवरची भाषा. ती जुनी किती, तर सुमात्रातल्या पालेम्बांगजवळ केदुकान बुकित इथे सापडलेला शिलालेख इ.स. ६८३ चा आहे. भाषा जुनी मलय, लिपी दक्षिण भारतातून गेलेली पल्लव, आणि मजकुरात संस्कृत शब्दांची रेलचेल.

या भाषेचं नशीब उघडलं ते भूगोलामुळे. भारत आणि चीन यांच्यामधला सगळा समुद्री व्यापार त्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जायचा. एका मोसमी वाऱ्याने आलेलं जहाज दुसरा वारा सुटेपर्यंत बंदरात अडकून पडायचं. गुजराती, तमिळ, अरब, चिनी सगळे काही महिने एकाच घाटावर. बोलायचं कशात? बंदराच्या भाषेत. मग तीच भाषा लवंग-जायफळाच्या मागे पूर्वेला मालुकू बेटांपर्यंत गेली. मॅगेलनच्या ताफ्यातल्या पिगाफेट्टाने १५२१ साली तिथल्या शब्दांची यादी केली ती मलय शब्दांची. ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे ते फ्रान्सिस झेवियर १५४६ मध्ये मालुकूमधल्याच अंबोनला गेले, तेव्हा त्यांनीही प्रार्थना मलयमध्येच करून घेतल्या होत्या. मलय जिथली नव्हतीच अशा बेटांवरसुद्धा काम त्या भाषेनेच भागत होतं.

येणाऱ्या-जाणाऱ्याने तिच्यात आपली भर टाकली. पोर्तुगीजांकडून चर्चला 'गरेजा' मिळाला, म्हणजे गोव्यातली आपली 'इगर्ज'च. डचांकडून ऑफिसला 'कांतोर' आला. आणि संस्कृतातून जे गेलं ते बघून मराठी माणसाची करमणूक होते. 'सुआमी' म्हणजे नवरा. 'पुआसा' म्हणजे उपवास, आणि तो शब्द तिथे रमजानच्या रोज्यासाठी वापरतात. 'चाहाया', मूळ संस्कृत छाया, म्हणजे मात्र प्रकाश. आणि 'चिंता' म्हणजे प्रेम. लग्नाला वीस वर्षं झालेल्यांना यात काही वावगं वाटू नये. 'बहासा' हीदेखील आपली 'भाषा'च. म्हणून 'मी बहासा शिकतो' असं सांगणाऱ्याला 'कुठली?' असं विचारायला हरकत नाही. पूर्ण नाव बहासा इंडोनेशिया.

साहेबाने ती का उचलली?

डचांची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ ची. तीनशेहून जास्त वर्षं ते तिथे राहिले, पण इंग्रजांनी आपल्याकडे इंग्रजी रुजवली तशी डच भाषा त्यांनी रुजवली नाही. कंपनीला मसाल्यात रस होता, शाळांमध्ये नाही. पुढे सरकारला कारकून हवे झाले तेव्हाही डच शिक्षण मूठभर सरदार घराण्यांच्या मुलांपुरतंच राहिलं. साहेबाची भाषा सगळ्यांना आली तर साहेब आणि बाकीचे यांच्यातलं कुंपण कोसळेल, ही भीतीही त्यात होतीच. मग खालचा कारभार कशात करायचा? कामचलाऊ मलय हाताशी होती.

पंचाईत एवढीच की प्रत्येक बंदराची मलय वेगळी, आणि लिहायची तर अरबी वळणाच्या लिपीत किंवा ज्याला जसं सुचेल तशा रोमनमध्ये. शाळेची पुस्तकं छापायची तर एक काहीतरी ठरवायला हवं. हे काम चार्ल्स फान ओफाउजेन या डच अभ्यासकाकडे आलं. सुमात्रातच जन्मलेला माणूस. दोन स्थानिक शिक्षक मदतीला घेऊन त्याने १९०१ मध्ये रोमन लिपीतल्या मलयचे शुद्धलेखनाचे नियम आणि शब्दांची जंत्री प्रसिद्ध केली.

आदर्श म्हणून बाजारातली मलय घेतली गेली नाही. सिंगापूरच्या दक्षिणेला असलेल्या रियाऊ-लिंगा दरबाराची, पुस्तकी, घरंदाज मलय घेतली. तिथल्या राजा अली हाजी या विद्वानाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच मलयचं व्याकरण लिहून ठेवलं होतं. मजा अशी की ज्या दरबाराची भाषा डचांनी 'शुद्ध' म्हणून उचलली, त्याच दरबाराचा सुलतान त्यांनी १९११ मध्ये गादीवरून उतरवला.

नियम झाले, आता वाचायला काहीतरी हवं. सरकारने १९०८ मध्ये लोकवाङ्मयासाठी समिती नेमली आणि १९१७ मध्ये तिचं बालाई पुस्ताका हे प्रकाशनगृह झालं. स्वस्त पुस्तकं, कादंबऱ्या, वाचनालयं. त्यात दुसराही एक हिशेब होता. त्या काळात चिनी वंशाचे लेखक आणि बंडखोर पत्रकार बाजारू मलयमध्ये धडाधड वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या छापत होते आणि लोक त्या मिटक्या मारत वाचत होते. सरकारी कादंबऱ्यांची भाषा शुद्ध आणि मजकूर निरुपद्रवी. रस्त्यावरच्या त्या जिवंत साहित्याला 'हलकी भाषा' म्हणून बाजूला सारलं गेलं, आणि पुढे कित्येक दशकं वाङ्मयाच्या इतिहासात त्याला नीट जागाच मिळाली नाही. प्रमाणभाषा घडते तेव्हा कुणाची तरी भाषा अशुद्ध ठरतेच.

मलयची 'इंडोनेशियन' कधी झाली?

१९२६ साली बाताव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, पहिली युवक परिषद भरली. सुमात्राच्या मोहम्मद यामीन या तरुणाचं म्हणणं होतं की भविष्यातली सामायिक भाषा होण्याची ताकद दोनच भाषांत आहे, जावानीज आणि मलय, आणि त्यात मलय पुढे जाईल. ठरावाच्या मसुद्यातही त्याने मलयच लिहिलं. त्यावर तबरानी हा पत्रकार अडून बसला. देश इंडोनेशिया, राष्ट्र इंडोनेशिया, मग भाषाच तेवढी मलय कशी? तिचंही नाव इंडोनेशियाच हवं. तबरानी मदुरा बेटाचा, त्याच्या घरची भाषा मलय नव्हे. तरी त्याचा विरोध भाषेला नव्हता, नावाला होता.

वरवर हा शब्दांचा खेळ वाटतो. पण नाव बदललं की मालकी बदलते. मलय म्हटलं की ती मलय लोकांची, बाकीचे पाहुणे. इंडोनेशियन म्हटलं की तो देश अजून नकाशावर नसतानाही त्याची भाषा मात्र तयार.

२७ आणि २८ ऑक्टोबर १९२८ ला दुसरी परिषद झाली. अध्यक्ष सुगोंदो हा जावाचा. व्यासपीठावर भाषण चालू असताना यामीनने त्याच्याकडे एक चिठ्ठी सरकवली. तिच्यावर ठराव होता, जो आज 'सुम्पाह पमुदा', म्हणजे तरुणांची शपथ, म्हणून तिथल्या प्रत्येक शाळकरी पोराला पाठ असतो. चिठ्ठी देताना यामीन कुजबुजला, "माझ्याकडे ठरावाची जास्त डौलदार शब्दरचना आहे." आणि हे तो म्हणाला डचमध्ये, असं सांगतात. खोटं वाटायचं कारण नाही. ती सगळी पोरं डच शाळांत शिकलेली, अनेकांना त्या 'राष्ट्रीय भाषे'त चार वाक्यं सलग बोलताना घाम फुटायचा.

शपथेचे शब्दही नीट वाचण्यासारखे आहेत. पहिल्या दोन ओळी म्हणतात: आमची मायभूमी एक, आमचं राष्ट्र एक. तिसरी ओळ मात्र 'आमची भाषा एक' असं म्हणत नाही. ती म्हणते, आम्ही ऐक्याची भाषा म्हणून इंडोनेशियन भाषेचा मान राखतो. म्हणजे बाकीच्या भाषा घरी सुखाने नांदू देत. काकांच्या मेसेजमध्ये नेमका हाच फरक गाळलेला आहे.

पण मग जावानीज का नाही?

हा प्रश्न सगळ्यात रास्त. १९३० च्या जनगणनेत देशी लोकसंख्येपैकी जवळपास निम्मे लोक जावानीज होते. त्यांच्याकडे हजार वर्षांचं वाङ्मय, स्वतःची लिपी, दरबार, संगीत, सगळं. मलय मातृभाषा असणारे जेमतेम पाच टक्के. आकड्यांनीच ठरवायचं असतं तर निकाल लागलेलाच होता.

पहिली अडचण भाषेतच होती. जावानीजमध्ये समोरचा कोण आहे यावर शब्दच बदलतात. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण असं सर्वनाम आणि क्रियापद बदलतं. तिथे साधं 'जेवणं' बघा: बरोबरीच्याशी बोलताना 'मांगान', आदराने बोलायचं तर 'नेदा', आणि मोठ्या माणसाच्या जेवणाबद्दल बोलायचं तर 'दाहार'. असे शेकडो शब्द. म्हणजे तोंड उघडण्याआधी तुमचा दर्जा काय आणि माझा काय हे ठरवून घ्यायचं. समतेच्या गप्पा मारणाऱ्या तरुणांना हे कसं पचावं? शिवाय बाहेरच्याला ही शिडी शिकायला आयुष्य जायचं. मलयमध्येही दरबारी शिष्टाचार होते, पण बाजारात फिरून तिच्या अंगावरचे दागिने केव्हाच उतरले होते.

दुसरं कारण राजकारणाचं. जावानीज निवडली असती तर सुमात्रा, सुलावेसी, मालुकूच्या लोकांना वाटलं असतं की डच साहेब गेला आणि जावाचा साहेब आला. मलयबद्दल तसं वाटायचं कारण नव्हतं, पाच टक्क्यांची दहशत कुणाला वाटणार? विशेष म्हणजे परिषदेतल्या जावानीज तरुणांनी आपली भाषा पुढे रेटली नाही. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. थोरल्या भावाने मोठी खोली न मागता वाटण्या होऊ दिल्या. आपल्याकडे वाद पेटतो तो नेमका उलट टोकाने: सगळ्यात मोठ्या भाषेला मोठी खोली द्यायची का, यावर.

म्हणजे व्याकरण सोपं म्हणून निवडली?

असं बरेचदा सांगितलं जातं आणि ते अर्धंच खरं आहे. लिंग नाही, त्यामुळे तो, ती, ते या सगळ्यांना एकच 'दिआ'. क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. 'झालं', 'होईल' अशा अर्थाचा शब्द शेजारी ठेवला की काम झालं. अनेकवचन हवं तर शब्द दोनदा म्हणायचा: 'आनाक' म्हणजे मूल, 'आनाक-आनाक' म्हणजे मुलं. पण चांगली इंडोनेशियन लिहायला लागलं की उपसर्ग-प्रत्ययांची फौज येते. 'तुलिस' म्हणजे लिही, 'मनुलिस' लिहिणे, 'पनुलिस' लेखक, 'तुलिसान' लिखाण. कुठल्या मूळ शब्दाला काय लागतं आणि अर्थ कुठे वळतो, यात भलेभले गडबडतात.

एक गोष्ट मात्र मराठी माणसाला चटकन जमते, जी इंग्रजाला समजावून सांगावी लागते. 'कामी' म्हणजे आम्ही, 'किता' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आपण. १७ ऑगस्ट १९४५ च्या स्वातंत्र्याच्या घोषणेचा पहिला शब्द 'कामी' आहे. आम्ही, इंडोनेशियाचं राष्ट्र, स्वातंत्र्य जाहीर करतो. 'किता' म्हटलं असतं तर ती आपसातली बातमी झाली असती. 'कामी' म्हटल्यामुळे ती जगाला आणि डचांना सुनावलेली झाली.

चिठ्ठीवरची भाषा कारभाराला कशी पुरली?

इथे जपान्यांचा हात लागला, स्वतःच्या सोयीसाठी. १९४२ मध्ये त्यांनी डचांना हाकललं आणि डच भाषेवर बंदी घातली. जपानी कुणालाच येत नव्हती. म्हणजे शाळा, कचेऱ्या, रेडिओ, कोर्ट सगळं एका रात्रीत इंडोनेशियनमध्ये करणं भाग पडलं. काल डचमधून विज्ञान शिकवणाऱ्या मास्तराला आज त्याच गोष्टींसाठी शब्दच नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भाषा समिती नेमली गेली आणि युद्ध संपेपर्यंत तिने हजारो पारिभाषिक शब्द पाडले. पोहायला शिकवायचं म्हणून विहिरीत ढकलून देतात, तशातला प्रकार.

स्वातंत्र्याच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, १८ ऑगस्ट १९४५ ला, राज्यघटना मंजूर झाली. तिच्या ३६ व्या कलमात एका ओळीत लिहिलं: राज्याची भाषा इंडोनेशियन. चर्चेचा काथ्याकूट नाही, कारण तो सतरा वर्षांपूर्वीच उरकला होता.

पुढचं काम कंटाळवाणं आणि म्हणूनच महत्त्वाचं. डच वळणाच्या स्पेलिंगात 'उ' लिहायला 'ओ' आणि 'ई' अशी दोन रोमन अक्षरं लागायची. ती १९४७ मध्ये गेली आणि एकटं 'यू' आलं. 'च'साठी 'टी-जे', 'ज'साठी 'डी-जे' आणि 'य'साठी 'जे' अशी गंमत मात्र चालूच होती. ऑगस्ट १९७२ मध्ये तीही साफ झाली, आणि जिथे मलय हीच राष्ट्रभाषा आहे त्या मलेशियानेही त्याच वेळी तेच नियम घेतले, त्यामुळे दोन देशांची स्पेलिंग जुळली. (आपल्या शुद्धलेखनाचे शेवटचे चार नियमही १९७२ चेच. ते वर्ष ऱ्हस्व-दीर्घाच्या मुहूर्ताचं असावं.) अधिकृत मोठा कोश यायला १९८८ उजाडलं.

आणि भाषा खरोखर घराघरात पोचली ती शपथेमुळे नव्हे, शाळांमुळे. १९७३ पासूनच्या पाचेक वर्षांत, तेलाच्या पैशातून, सरकारने ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. १९७६ मध्ये उपग्रह सोडला आणि टीव्ही दूरच्या बेटांवर दिसू लागला.

म्हणजे लादलीच की शेवटी!

काही ठिकाणी, हो. हुकूमशहा सुहार्तो यांच्या राजवटीत चिनी शाळा बंद झाल्या, चिनी लिपीतल्या पाट्या गेल्या, चिनी वंशाच्या लोकांवर नावं बदलायचा दबाव आला. इंडोनेशियाने बळकावलेल्या पूर्व तिमोरमध्ये तर ही भाषा लष्करासोबतच आली. तेव्हा सगळं गोडीगुलाबीत झालं असं कुणी सांगत असेल तर त्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये.

पण बाकीच्या देशात ती तुलनेने कमी कटकटीने बसली, याचं कारण ती कुणाच्या स्वयंपाकघरात शिरायला बघत नव्हती. २०१० च्या जनगणनेत घरी रोज इंडोनेशियनच बोलतो असं सांगणारे सुमारे २० टक्केच निघाले. जवळपास ८० टक्के घरांत स्थानिक भाषा. शब्दांच्या बाबतीतही देवाणघेवाण राहिली. 'डाउनलोड'ला त्यांनी जावानीजमधला 'उंदुह' घेतला, म्हणजे झाडावरून फळ उतरवणं. 'अपलोड'ला 'उंगाह', म्हणजे वर चढणं. असे शब्द कोशात गेले की जावाच्या माणसालाही वाटतं, यात आपलंही काही आहे.

शिवाय पुस्तकातली इंडोनेशियन कुणी बोलतच नाही. जकार्ताची पोरं 'मी'ला 'गुए' आणि 'तू'ला 'लू' म्हणतात, आणि हे दोन्ही शब्द चिनी होक्किएन बोलीतून आलेले. ज्या भाषेला सरकारी प्रकाशनगृहाने शंभर वर्षांपूर्वी दाराबाहेर ठेवलं, ती खिडकीतून आत येऊन बसली आहे.

स्थानिक भाषांचं काय?

हिशेबाची ही बाजू मेसेजमध्ये कधीच नसते. सातशेहून जास्त भाषांपैकी मोठ्या भाषांनाही आता धग लागते आहे. शहरात जावानीज आई आणि सुंदानीज बाप यांच्या घरात मूल तिसरीच भाषा शिकतं. जावानीजची ती आदराची शिडी चुकेल या भीतीनेही तरुण इंडोनेशियनकडे वळतात. तिच्यात निदान मोठ्या माणसाचा अपमान होण्याची धास्ती नाही. कुणी बंदी घातलेली नाही, तरी भाषा घरातून निसटते.

त्या दिवशी उबुदच्या वाटेवर ड्रायव्हरच्या बायकोने बोलणं झाल्यावर फोन लेकीकडे दिला. फोन स्पीकरवर होता. तो लांबलचक काहीतरी विचारत होता आणि ती एकेका शब्दात उत्तरं देत होती. फोन ठेवल्यावर मी सहज म्हणालो, तिला बोलायचा कंटाळा दिसतोय. तो हसला. म्हणाला, "मी बालीनीजमध्ये विचारतो, ती इंडोनेशियनमध्ये उत्तर देते. शाळेत जायला लागल्यापासून असंच." मग त्याने गाडी वळवली आणि उजवीकडे भाताच्या खाचरांकडे बोट दाखवून आम्हाला इंग्रजीत सांगितलं, इथे फोटो छान येतो.